वेबमेलसिंधु

एकादशी स्मार्तांची कोणत्या दिवशी आणि भागवतांची कोणत्या दिवशी, श्राद्धतिथी दोन दिवसांत विभागली गेली तर कोणता दिवस धरावा, ग्रहणाचा वेध कोणी किती पाळावा, अशा प्रश्नांवर पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ तर १६१२ पासून होताच. या दोन ग्रंथांनी घरोघरची भांडणे मिटवली असे म्हणतात. निदान भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना आधाराला वचने तरी पुरवली. मात्र स्वतःच्या मेल सर्व्हरवर वेबमेल कोणते बसवावे, याविषयी दोहोंत अवाक्षर नाही. ही उणीव भरून काढावी एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू. विषय क्षुद्र आहे हे ग्रंथकार जाणून आहे, आणि म्हणूनच तो विस्ताराने घेतला आहे. मोठ्या विषयांवर लोकांचे एकमत पटकन होते.

शास्त्राची रीत अशी की आधी अधिकारी ठरवावा. या शास्त्राचा अधिकारी तो, ज्याने डोमेन विकत घेतले आहे, भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट बसवले आहेत, ज्याच्या आयपी पत्त्याचा उलटा डीएनएस त्याच्याच सर्व्हरचे नाव सांगतो आणि ज्याने एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन नोंदी यथाविधी केल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने रोज ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, आणि बाकीच्यांना पहिल्या दोनपैकी किमान एक. घरच्या ब्रॉडबँडवर हा घाट घालू पाहणाऱ्याला अधिकार नाही. तिथे पोर्ट २५ बहुधा बंद असते आणि पत्ताही आज एक, उद्या दुसरा. ही सगळी तयारी करताना माणसाचे केस पिकतात, पण याबाबत कोणी त्याला सल्ला द्यायला येत नाही. उलटा डीएनएस हिरवा असावा की निळा, असे आजवर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. कोकणातून देशावर आणि तिथून जगभर पांगलेल्या एका घराण्याचे कुलमंडळ आहे. या मंडळाने कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले, त्यासाठी आडनावाचेच डोमेन घेतले आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला त्यावर पत्ता दिला. वंशावळीत जन्मतारखा असतात, राहते पत्ते असतात, मुलाबाळांची नावे असतात; ती परक्याच्या फुकट मेलमध्ये नकोत, अशी खजिनदारांची भूमिका होती आणि ती रास्त होती. सर्व्हर उभारण्याचा ठराव चहा येईपर्यंत संमत झाला. मग अध्यक्षांनी सहज विचारले, “पण मेल उघडायचा कशात?” तो विषय त्या बैठकीत संपला नाही, पुढच्याही बैठकीत संपला नाही. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ सालीच समित्यांचा हा स्वभाव वर्णिला आहे: अणुभट्टीला अडीच मिनिटे, सायकलींच्या शेडला पाऊण तास. आमचे कुलमंडळ त्याच्या पाहण्यात आले नसावे, नाहीतर शेडचा विषय पाऊण तासात आटोपल्याचे त्याने लिहिले नसते.

आता पूर्वपक्ष. पूर्वपक्षी म्हणतो, वेबमेल हवेच कशाला? फोनमध्ये मेलचे ॲप असते, संगणकावर थंडरबर्ड फुकट मिळते, दोन्ही डव्हकॉटशी पोर्ट ९९३ वरून थेट बोलतात. मध्ये ब्राउझर घातला की एक दार वाढले, एक किल्ली वाढली आणि ती पळवणारा एक चोर वाढला. आक्षेप वजनदार आहे. तो पुरता खोडता येईल असे आश्वासन ग्रंथकार देत नाही. तूर्त उत्तर एवढेच, की मंडळातल्या डोंबिवलीच्या अण्णांना आयमॅप सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक आणि एसएसएल की स्टार्टटीएलएस हा भेद फोनवरून समजावून पाहावा. “ते राहू दे. पत्ता सांग, मी उघडतो,” असे अण्णा म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. वेबमेलचा जन्म याच गरजेपोटी झाला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांना नोकरीच्या जागी बसून आपले खासगी टपाल पाहता येईना. म्हणून कोणत्याही ब्राउझरमधून उघडेल अशी हॉटमेल त्यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. साहेबांच्या नजरेआड पत्र वाचण्याची इच्छा इतकी मोलाची ठरू शकते.

पुढे स्वरूपविचार, आणि इथे बहुतेक जण भ्रमात असतात. वेबमेलमध्ये मेल नसते. पत्रे सर्व्हरच्या डिस्कवर डव्हकॉटच्या ताब्यात असतात. वेबमेल हा केवळ मध्यस्थ. तुमचे नाव आणि तुमचा पासवर्ड घेऊन तो डव्हकॉटकडे जातो, आयमॅपच्या भाषेत विचारपूस करतो आणि मिळालेले उत्तर पानावर मांडून दाखवतो. वेबमेल उडवून टाकले तरी एक पत्र जागचे हलत नाही. याचा फलितार्थ असा की एकाच सर्व्हरवर दोन वेबमेल सुखाने नांदू शकतात. पंचांगात लागोपाठच्या दोन दिवशी स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी छापलेली असते, तसे एका पत्त्यावर राउंडक्यूब ठेवावे, दुसऱ्यावर स्नॅपीमेल. टपाल एकच, उपास ज्याचा त्याचा. कार्यकारिणीपुढे हा सिद्धांत मांडल्यावर वाद शमेल अशी अपेक्षा होती. तो दुप्पट झाला, कारण आता दोन्हींचे रंग ठरवायचे होते.

स्वरूपाचाच एक उपविषय म्हणजे पत्राचे मरण. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅप रचले, तेव्हा खोडणे आणि नाहीसे होणे या दोन वेगळ्या क्रिया मानल्या. पत्र खोडले की त्यावर ‘डिलीटेड’ अशी खूण बसते, पत्र मात्र जागच्या जागी राहते. पुढे ‘एक्सपंज’ ही आज्ञा सुटते तेव्हाच ते खरोखर जाते. मधला काळ ही पत्राची प्रेतावस्था. राउंडक्यूब मुळात खोडलेले पत्र ‘ट्रॅश’मध्ये हलवते, म्हणजे त्याला दुसरी योनी देते, तिथून खोडल्यावर मुक्ती. परंतु सेटिंगमध्ये एक चौकोन टिक केला तर मूळची आयमॅपी रीत पाळली जाते, आणि खोडलेली पत्रे खूण अंगावर वागवत यादीतच बसून राहतात. नागपूरच्या काकूंनी तो चौकोन टिक केला. त्यांना ही व्यवस्था फार आवडली. उत्तर देऊन झालेल्या पत्रांवर त्या ती खूण करू लागल्या. काम झाले, खूण केली. काही महिन्यांनी त्यांच्या नातवाने मदत म्हणून फोल्डरवर ‘कॉम्पॅक्ट’ दाबले आणि ‘एक्सपंज’ची आज्ञा सुटली. विदर्भ शाखेची सगळी माहिती त्या पत्रांत होती. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, म्हणून दुसऱ्या आवृत्तीत विदर्भ आहे.

‘सेंट’ची त्रिमूर्ती हा दुसरा उपविषय. एकाच माणसाने फोनवरून पाठवलेली पत्रे ‘सेंट मेसेजेस’मध्ये, आउटलुकमधून पाठवलेली ‘सेंट आयटम्स’मध्ये आणि वेबमेलमधून पाठवलेली नुसत्या ‘सेंट’मध्ये जमू लागतात, आणि मग ‘मी पाठवलं होतं’ व ‘पाठवलेलं दिसत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य ठरतात. २०११ सालच्या आरएफसी ६१५४ ने यावर तोड काढली. कोणते फोल्डर पाठवलेल्यांचे, कोणते कच्च्या मसुद्यांचे, हे सर्व्हरनेच खूण करून सांगावे आणि बाकीच्यांनी मानावे. डव्हकॉटमध्ये ही खूण करायला चार ओळी पुरतात. घराण्यातल्या ज्येष्ठांप्रमाणे तिचा मान सगळेच राखतात असे नाही.

आता प्रमाणविचार. वेबमेलच्या परीक्षेलाही प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द हीच चार प्रमाणे लागू होतात.

उपमान सर्वांत लोकप्रिय. “जीमेलसारखं पाहिजे,” हे वाक्य बैठकीत कोणी ना कोणी म्हणतेच. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन अवतरले आणि त्या तारखेमुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. १९९९ साली जन्मलेल्या स्क्विरलमेलला ‘हे जीमेलसारखे दिसत नाही’ असा दोष लावणे म्हणजे आजोबांना नातवाचे नाक नाही म्हणून हिणवणे. शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य. कुलमंडळात आप्तांची वाण नसते. न्यू जर्सीच्या वहिनी त्यांच्या कंपनीत जे आहे तेच घ्या म्हणाल्या. त्यांच्या कंपनीत मेलसाठी अख्खा विभाग आहे. आमच्याकडे ग्रंथकार आहे.

अनुमान त्याहून भरवशाचे. धूर दिसला की अग्नी असतो; शेवटची आवृत्ती अलीकडची असली की सॉफ्टवेअरमागे माणूस असतो. स्क्विरलमेलची शेवटची स्थिर आवृत्ती १.४.२२. ती २०११ मध्ये निघाली. त्यानंतर चुलीतून काय निघते आहे ते ज्याने त्याने पाहावे.

प्रत्यक्षाला मात्र वेळ द्यावा, आणि मराठी माणसाने अधिकच द्यावा. नमुन्यादाखल उघडलेल्या पानावर इंग्रजी पत्रे पाहून परीक्षा होत नाही; ‘कुलवृत्तांत द्वितीयावृत्ती प्रकाशन समारंभाचे आग्रहाचे आमंत्रण’ अशा विषयाचे पत्र पाठवून पाहावे. ईमेलची मूळ व्यवस्था १९८२ सालची आणि सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांपुरती. त्यामुळे शीर्षओळीत मराठी लिहिले की जुन्या वाटेने ती वेषांतर करून जाते. ‘आमंत्रण’ या शब्दात मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून ७ संकेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१. त्यांचे बेस६४ केले की इंग्रजी अक्षरे २८. अशा एका वेषांतरित तुकड्याची कमाल लांबी ७५, म्हणजे लांबलचक मराठी विषयाचे तुकडे पडणारच. एक अक्षर दोन तुकड्यांत फोडू नये असा नियम आहे. जे सॉफ्टवेअर तो पाळत नाही त्यात ‘समारंभाचे’मध्ये काळ्या शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह उगवते आणि आमंत्रणाविषयीच शंका निर्माण होते. पुढची परीक्षा फोल्डरची. ‘पत्रिका’ नावाचे फोल्डर करून पाहावे. आयमॅपच्या बहुकाळ चालत आलेल्या नियमाप्रमाणे ते नाव यूटीएफ-७ च्या एका खास अवतारात साठवले जाते, डिस्कवर पाहिले तर निरर्थक रोमन अक्षरांची माळ दिसते. वेबमेलने ते परत ‘पत्रिका’ करून दाखवले तर पास. तिसरी परीक्षा शोधाची. आयमॅपचा साधा शोध अक्षरांचा तुकडा जुळवतो. ‘वंशावळ’ शोधल्यास ‘वंशावळीतील’ही सापडते. विभक्तीच्या प्रत्ययांनी लगडलेल्या भाषेला ही मोठीच सोय. वेग वाढवायला म्हणून अख्खे शब्द जुळवणारी सूची कोणी मागे बसवली की ही सोय जाऊ शकते, आणि दोष वेबमेलच्या माथी येतो.

माथी येणाऱ्या दोषांत सर्वांत प्राचीन दोष जोडपत्राचा. “या वेबमेलमधून फोटोच जात नाहीत,” ही तक्रार ज्याने ऐकली नाही तो या शास्त्रात नवखा. वास्तविक पत्राच्या वाटेवर तीन दारे असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या सुतारांनी केलेली. पहिले एनजिनएक्सचे, ते मुळात १ एमबीपर्यंत सोडते. दुसरे पीएचपीचे, त्याची अपलोडची मुळातली मर्यादा २ एमबी. तिसरे पोस्टफिक्सचे, ते १,०२,४०,००० बाइटांपर्यंत उदार आहे, पण जोडपत्र तिथवर बेस६४ होऊन एकतृतीयांशाहून थोडे अधिकच फुगून पोहोचते, म्हणून ८ एमबीची पीडीएफ त्या दारात अडकते. कुलवृत्तांताची पीडीएफ पहिल्या दारातच अडकली होती. तीन ठिकाणचे तीन आकडे वाढवल्यावर ती सुरळीत गेली. पण तोवर कार्यकारिणीने वेबमेल बदलण्याचा ठराव केला होता, आणि ठराव मागे घेण्याची तरतूद मंडळाच्या घटनेत नाही.

आता पदार्थविचार, म्हणजे प्रत्यक्ष कोणकोणती वेबमेल उपलब्ध आहेत. सर्वांचा समाचार घेण्याइतका कागद नाही. काहींना एक वाक्य पुरे.

स्क्विरलमेल ग्रंथकाराला मनापासून प्रिय आहे. जावास्क्रिप्टची सक्ती नाही, चित्रांचा सोस नाही, डावीकडे फोल्डर आणि उजवीकडे पत्रे. मोडेमच्या काळात ते चालत असे आणि अजून कोणी मोडेम लावले तर अजूनही चालेल. पण प्रेम हे प्रमाण नव्हे. होर्ड हे भले मोठे कुटुंब, त्यात मेलही आहे. एके काळी सीपॅनेलच्या सर्व्हरवर लॉगिन होताच होर्ड, स्क्विरलमेल आणि राउंडक्यूब असे तिघे समोर उभे राहत आणि माणूस मधल्यावर बोट ठेवून मोकळा होई. आज तिथे त्या तिघांतला राउंडक्यूबच उरला आहे. निवडीचा प्रश्न काही वेळा स्पर्धकांच्या निवृत्तीने सुटतो.

झिंब्राचे नाव टॉकिंग हेड्सच्या एका गाण्यावरून आले, आणि ते गाणे ह्यूगो बालच्या ज्या कवितेवर बेतले तिच्यातले शब्द मुद्दामच निरर्थक होते. पुढचा इतिहास मात्र अगदी आमच्या कुलवृत्तांताच्या वळणाचा: २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरला याहूच्या घरी दत्तक, २०१० मध्ये व्हीएमवेअरकडे, २०१३ मध्ये टेलिजंटकडे, २०१५ मध्ये सिनॅकोरकडे. हे नुसते वेबमेल नाही, सर्व्हरसकट सगळा संसार आहे. ज्याने पोस्टफिक्स आणि डव्हकॉट आधीच मांडले आहेत त्याला हा दुसरा संसार परवडत नाही. सोगोचेही असेच. माँट्रियलची इन्व्हर्स कंपनी २०२१ मध्ये अकामाईने घेतली, मग सोगोचा सांभाळ फ्रान्सच्या अलिंतोकडे गेला. सोगोत कॅलेंडर आहे, पत्त्यांची वही आहे, फोनला जोडायला ॲक्टिव्हसिंक आहे, आणि ते ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहिलेले असल्याने त्यात हात घालायची हिंमत फारशी कोणाला होत नाही. मेलकाऊ नावाच्या तयार संचात तेच येते. त्या संचाला मात्र ६ जीबी मेमरी आणि वर १ जीबी स्वॅप लागते. एवढ्या मेमरीचे भाडे खजिनदारांनी पाहिले आणि कॅलेंडरसाठी भिंतीवर खिळा आहे, असे सुचवले.

रेनलूप दिसायला देखणे होते, डेटाबेसही मागत नसे. एप्रिल २०२२ मध्ये सोनारसोर्सच्या संशोधकांनी त्यातले एक भोक जाहीर केले: विशिष्ट तऱ्हेने रचलेले पत्र नुसते उघडले तरी पत्रपेटी दुसऱ्याच्या हाती जावी असे. त्यांनी आधी कळवूनही करणाऱ्यांकडून दुरुस्ती आली नव्हती. शेवटी संशोधकांनीच लोकांना त्याच कुळातल्या दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे स्नॅपीमेलकडे जायला सांगितले. स्नॅपीमेल हलके, चटपटीत आणि चाळण्या लावायची सोय अंगभूत असलेले आहे. त्याचा भार मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर आहे, हे मात्र दत्तक घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

राहता राहिले राउंडक्यूब. स्वित्झर्लंडच्या थॉमस ब्रूडर्ली यांनी ते २००५ मध्ये सुरू केले आणि १.० हा आकडा लागायला २०१४ चा एप्रिल उजाडला. इतक्या वर्षांत आमच्याकडे मुलाची मुंज होऊन जाते. २०१५ मध्ये ‘राउंडक्यूब नेक्स्ट’ नावाच्या नव्या अवतारासाठी लोकांकडून एक लाखाहून अधिक डॉलर जमले. तो अवतार झाला नाही. जुनेच राउंडक्यूब मुकाट्याने सुधारत राहिले: २०१९ च्या १.४ मध्ये ‘इलॅस्टिक’ हा नवा पेहराव आला आणि ते फोनच्या पडद्यावर नीट मावू लागले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते नेक्स्टक्लाउडच्या छत्राखाली गेले. त्यात तीन खणांची मांडणी आहे, भाषांच्या यादीत मराठी आहे, चाळण्यांसाठी ‘मॅनेजसीव्ह’ हे प्लगइन सोबतच येते. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण भाद्रपदात कार्यकारिणीतले निम्मे लोक ‘गणपतीला गावी आहे’ असे आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवतात. डव्हकॉट असे उत्तर एका माणसाला मुळात ७ दिवसांतून एकदाच पाठवतो. अनंत चतुर्दशीपर्यंत गावी राहणाऱ्यांनी तो आकडा वाढवावा. दीड दिवसवाल्यांनी परत आल्यावर ते बंद करण्याची आठवण ठेवावी.

राउंडक्यूबविरुद्ध अध्यक्षांचा आक्षेप एकच होता: ते कंटाळवाणे आहे. आक्षेप खरा असून तोच त्याचा मुख्य गुण आहे, असे ग्रंथकाराचे मत.

इथे पूर्वपक्षी पुन्हा उठतो, आणि या वेळी त्याच्या हातात कागद असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की ‘विंटर व्हिव्हर्न’ नावाची टोळी राउंडक्यूबमधल्या तोवर अज्ञात असलेल्या भोकातून युरोपातल्या सरकारी कचेऱ्यांची पत्रे वाचत होती. पत्रात एसव्हीजी चित्राच्या मिषाने स्क्रिप्ट दडवलेली. माणसाने कशावरही क्लिक करायची गरज नाही, पत्र समोर उघडले की झाले. कळवल्यावर काही दिवसांतच १.६.४ मध्ये दुरुस्ती आली. जून २०२५ मध्ये दुसरे भोक बाहेर आले. ज्याच्याकडे कोणाचाही एक चालणारा पासवर्ड आहे त्याला थेट सर्व्हरवर आज्ञा चालवू देणारे हे भोक, १० पैकी ९.९ इतक्या धोक्याचे, राउंडक्यूबच्या पोटात सुमारे १० वर्षे होते. म्हणजे रंग कोणता, बटण डावीकडे की उजवीकडे, तारा असावा की झेंडा, यावर जगभरचे लोक वाद घालत होते, तेव्हाही ते तिथेच होते.

पूर्वपक्षीला उत्तर असे. भोके सगळ्यांना आहेत. वेबमेलचे कामच मुळी अनोळखी माणसाने पाठवलेले एचटीएमएल उघडून, धुऊन, पुसून आपल्या माणसापुढे ठेवणे. त्या कामात कधी ना कधी डाग राहणारच. फरक पडतो तो दुरुस्ती किती दिवसांत येते आणि आल्यावर ती कोण लावतो, यात. स्क्विरलमेलमध्ये उद्या भोक सापडले तर कळवायचे कोणाला? रेनलूपमध्ये सापडले, कळवले, आणि उत्तर आले नाही. राउंडक्यूबमध्ये सापडले आणि बुजवले गेले. तेव्हा ‘कोणते वेबमेल चांगले’ हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या चुकीचा मांडलेला असून, ‘कोणत्या वेबमेलची दुरुस्ती येते आणि ती तू त्याच आठवड्यात लावशील का’ असा तो वाचावा. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सर्व्हर चालवणाऱ्याला उद्देशून आहे, कार्यकारिणीला नाही. बहुधा म्हणूनच तो बैठकीत कधी निघत नाही.

निर्णय. कुलमंडळांनी, लहान संस्थांनी आणि आडनावाचे डोमेन बाळगणाऱ्या एकट्यादुकट्यांनी राउंडक्यूब बसवावे. कॅलेंडरावाचून ज्यांचे अडते आणि मेमरीचे भाडे परवडते त्यांनी सोगो. ज्यांना वेग हवा आणि स्वतः लक्ष ठेवण्याची उमेद आहे त्यांनी स्नॅपीमेल. रंगाविषयी शास्त्र मौन पाळते. पत्त्यांच्या वहीविषयी मात्र बोलते: पत्रे डव्हकॉटकडे असली तरी राउंडक्यूबमधली पत्त्यांची वही, सह्या आणि आवडीनिवडी त्याच्या स्वतःच्या डेटाबेसात राहतात, आणि वेबमेल बदलले की मागे राहतात ती हीच. म्हणून वही आधीपासून कार्डडॅव्हच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवावी, आणि राउंडक्यूबला प्लगइनने ती दाखवावी. राउंडक्यूबचा बॅकअप घेताना हा डेटाबेस विसरू नये. लॉगिनला दुसऱ्या टप्प्याचा कोड लावावा. चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्यांना फेल२बॅनने बाहेर काढावे. चौघेच वापरणार असतील तर सगळे पान व्हीपीएनच्या आत ठेवावे. अण्णा कुरकुर करतील, ती ऐकून घ्यावी.

वाचक आधीच राउंडक्यूब चालवत असेल तर त्याने आत्ताच लॉगिन करून ‘अबाउट’ उघडावे आणि आवृत्तीचा आकडा पाहावा. १.६ च्या शाखेत १.६.११ च्या खालचा किंवा १.५ च्या शाखेत १.५.१० च्या खालचा आकडा दिसला, तर जून २०२५ चे ते भोक त्याच्या घरी अजून उघडे आहे. ताजी आवृत्ती उतरवून घ्या, डेटाबेसचा बॅकअप घ्या, आणि आज रात्रीच लावा. पेहरावाचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहेच.